खिडकी, कारळे आणि गोल्डफिंच

१९४८ साली लंडनच्या एका इस्पितळात डेव्हिड टास्मा नावाचा चाळिशीचा पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने गेला. जाताना त्याने एका समाजसेविकेच्या नावे ५०० पौंड ठेवले. तिचे नाव सिसिली सॉन्डर्स. मरणाच्या वाटेवरच्या माणसांसाठी एक घर बांधावे असे तिच्या मनात होते, आणि त्या घरातली एक खिडकी आपली असावी एवढीच टास्माची इच्छा होती. घर उभे राहायला १९ वर्षे लागली. मधल्या काळात सॉन्डर्सबाई शिकून डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा उगम तिथेच मानतात. टास्माची खिडकीही तिथे आहे.

ज्या चळवळीची पहिली देणगी खिडकीसाठी आली, तिच्यात खिडकीबाहेर पाखरांचा फीडर टांगला जाणे ओघानेच आले. बागेतल्या पाखरांना दाणे घालणे हा ब्रिटनमध्ये घरोघरचा छंद. १९१० मध्येच ‘पंच’ साप्ताहिकाने त्याला राष्ट्रीय विरंगुळा ठरवून टाकले होते. हॉस्पिसमध्ये येणारा माणूस बहुधा अशाच एखाद्या घरातून आलेला असतो. रॉबिन, ब्लू टिट, चिमण्या ही त्याची जुनी ओळखीची मंडळी. ती खिडकीशी आली की खोलीचे परकेपण थोडे कमी होते.

पण खरी गोष्ट याहून पुढची आहे. सॉन्डर्सबाईंनी ‘समग्र वेदना’ ही कल्पना मांडली: दुखणे नुसते शरीराचे नसते, मनाचे, नात्यांचे आणि श्रद्धेचेही असते. शेवटच्या आजारात माणूस दिवसभर घेतच राहतो. औषध घ्या, पाणी घ्या, कूस बदलून घ्या. अशा वेळी ‘फीडर रिकामा झालाय, दाणे घाला’ असे परिचारिकेला सांगणे म्हणजे कोणाच्या तरी पोटाची काळजी वाहणे. भेटायला आलेल्या मुलालाही तब्येतीखेरीज बोलायला विषय मिळतो. फीडरचे मोल इथे आहे. उपचार म्हणून त्याचे ढोल कोणी बडवू नयेत.

पडल्या पडल्या बघायचे तर कोणते पाखरू येते यालाही महत्त्व आहे. टिट पक्षी एक दाणा उचलतो आणि भुर्रकन जातो. थकलेली नजर वळेपर्यंत खेळ संपलेला असतो. गोल्डफिंच तसा नाही. लाल तोंडाचा, पंखावर पिवळा पट्टा असलेला हा पक्षी नळीच्या फीडरवर ठाण मांडून निवांत खातो. त्याचे आवडते खाद्य कोणते? कारळे! आपल्या चटणीतले, नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात खुरासणी म्हणून पेरले जाणारे काळे बारीक बी. भारत आणि इथिओपिया हे त्याचे मोठे उत्पादक. अमेरिकेत ते शिरते तेव्हा अमरवेलीसारख्या तणांचे बी सोबत रुजू नये म्हणून साधारण १२० अंश सेल्सिअसला पंधरा मिनिटे तापवावे लागते. दाणे इतके बारीक की फीडरलाही छिद्रांऐवजी अरुंद चिरा ठेवतात. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये पाचापैकी एकाही बागेत धड न दिसणारा गोल्डफिंच आज पाचातल्या चारांहून अधिक बागांत फीडरवर येतो, आणि त्यात या काळ्या बियांचाही वाटा आहे.

विज्ञान काय म्हणते? रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास सगळे सांगतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. मात्र ते रुग्ण बरे होणारे होते, आणि खिडकीत झाडे होती, पाखरे नव्हेत. लंडनच्या किंग्ज कॉलेजने २०२२ मध्ये १,२९२ जणांच्या मोबाइलवरील नोंदी तपासल्या. पक्षी दिसला वा ऐकू आला की मन काही तास तरी हलके राहते असे त्यात आढळले. तेही हॉस्पिसमधले लोक नव्हेत. मरणासन्न माणसाला फीडरमुळे गोळ्या कमी लागतील, असा दावा यांतून निघत नाही.

दुसरी बाजू पाखरांची. न धुतलेला फीडर रोगाचे घर होतो. ट्रायकोमोनोसिस या पाखरांच्या रोगाने ब्रिटनमधले ग्रीनफिंच इतके घटले की २०२१ मध्ये ते संकटग्रस्तांच्या लाल यादीत गेले. याच धास्तीने २०२५ मध्ये तिथल्या पक्षिसंरक्षण संस्थेने, आरएसपीबीने, सपाट ताटल्यांचे फीडर विकणे थांबवले. हा रोग माणसाला होत नाही, पण फीडरवरून पसरणारा साल्मोनेलाचा संसर्ग होतो. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांच्या आसपास ही हयगय चालणार नाही. काचेचे भानही हवे. फीडर काचेपासून मीटरभराच्या आत असावा, म्हणजे दचकून उडालेल्या पाखराला काचेवर जीवघेणी धडक बसण्याइतका वेग घेता येत नाही.

आपल्याकडे डॉ. लुईस डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती अवेदना सुरू केले, ते भारतातले पहिले हॉस्पिस. पुण्यात वारज्याचे सिप्ला केंद्र १९९७ पासून विनामूल्य सेवा देते. इथल्या शहरांत लंडनची नक्कल मात्र करू नये. उघड्यावर धान्य टाकले की आधी कबुतरे येतात, आणि त्यांच्या विष्ठेची धूळ दुबळ्या फुप्फुसांना घातक ठरते. त्यापेक्षा खिडकीसमोर जास्वंद आणि तुती लावावी, रोज पाणी बदललेले मातीचे भांडे ठेवावे. शिंजीर, बुलबुल, दयाळ, शिंपी आपणहून येतील, आणि दाण्यांचा खर्चही नाही.

एखाद्या शुश्रूषा केंद्राला फीडर किंवा पाण्याचे भांडे भेट द्यायचे मनात असेल, तर आधी तिथल्या परिचारिकांना विचारा आणि दर आठवड्याला ते घासायला कोण येणार ते ठरवा. कोणी नसेल, तर ते काम स्वतःकडे घ्या.