काचेत ओतलेले नाव

जुन्या सोडावॉटरच्या बाटल्या जमविणाऱ्यांच्या कपाटात जी काच मांडलेली असते, तिच्यातील बरीचशी मुळात विक्रीसाठी नव्हतीच. विकला जाई तो सोडा. बाटली कारखानदाराची राही व रिकामी होऊन त्याच्याकडे परत जाई. म्हणूनच तिच्या अंगावर मालकाचे नाव आणि गाव काचेतच ओतलेले दिसते. कागदाची चिठ्ठी धुताना निघून जाते, हे नाव जात नाही.

वायू कोंडून ठेवणे हीच या धंद्यातील खरी अडचण होती. बूच वाळले की वायू निसटे. 1809 मधील हॅमिल्टनची बाटली त्यासाठी अंड्याच्या बुडाची केली गेली. ती उभी राहूच शकत नसे, आडवी पडे आणि बूच ओले राही. पुढे 1872 मध्ये लंडनच्या हायरम कॉड या अभियंत्याने आपली गोटीची बाटली सिद्ध केली. गोटी आत सोडल्यावर बाटलीचे तोंड अरुंद करीत. बाटली उलटी धरून भरली की वायूचाच दाब गोटीला तोंडातील रबरी कड्यावर घट्ट बसवी. बुचाचा खर्च वाचला. गोटी आत ढकलली की सोडा मोकळा; ओतताना ती पुन्हा तोंडाशी येऊ नये म्हणून मानेत काच आत चेपलेली असे.

परंतु मुलांना सोड्यापेक्षा गोटी प्रिय! तिच्यासाठी इंग्लंडमध्ये असंख्य बाटल्या फुटल्या. दुसरी गळती व्यापारातली: एकाच्या बाटलीत दुसरा आपला माल भरी. तेव्हा परक्या बाटल्या गोळा करून ज्याच्या त्याला पोहोचविणाऱ्या संस्था तेथील कारखानदारांनीच काढल्या. काहींनी बाटलीचे ओठ रंगीत करविले. ढिगातून आपला माल लांबूनच ओळखू येई. पेय स्वस्त आणि भांडे महाग, असा तो हिशेब होता.

1892 मध्ये अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी पत्र्याच्या झाकणाचे पेटंट घेतले आणि गोटी तेथून हळूहळू हटली. इंग्लंडमधील संग्राहक आज जुने उकिरडे खणून या बाटल्या काढतात. आपल्याकडे मात्र थोड्या भांडवलात चालणारा गोटी सोडा टिकला. दिल्लीत तो ‘बंटा’, तमिळनाडूत ‘गोली सोडा’. सोड्याचा धंदा येथे जुनाच: मुंबईत पालनजी 1865 पासून, पुण्यात अर्देशीर 1884 पासून.

शोभेसाठी नव्याने केलेल्या बाटल्याही बाजारात येतात. खऱ्या वापरातल्या बाटलीच्या खांद्यावर व बुडाशी पेटीत घासल्याच्या खुणा असतात. त्या घासून-पुसून घालवू नयेत, आणि नाव वाचल्याशिवाय वखारीतल्या जुन्या बाटल्या भंगारवाल्याच्या काट्यावर चढवू नयेत. कित्येक लहान सोडा कारखान्यांची चोपडी कधीच गेली; नाव आणि गाव तेवढे या काचेवर उरले आहे.