कौटोकेनो : वाटेच्या मध्यावरचे गाव

१९९७ साली नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडील आल्टा परिसरात, कोफ्योर्ड येथील दफनभूमीत दोन कवट्यांना मूठमाती देण्यात आली. त्या अस्लाक हेत्ता आणि मोन्स सोम्बी या दोन सामी पुरुषांच्या होत्या. १४ ऑक्टोबर १८५४ रोजी या दोघांचा शिरच्छेद करण्यात आला होता; धडे कोफ्योर्डला पुरली गेली आणि शिरे राजधानीतील विद्यापीठाच्या संग्रहाकडे रवाना झाली. 'मागासलेल्या' मानलेल्या जमातींच्या कवट्या मोजून त्यांचा दर्जा ठरविण्याचा तो काळ होता. आपल्या माणसांची डोकी परत मिळावीत म्हणून एका समाजाला १४३ वर्षे थांबावे लागले.

हे दोघे ज्या कौटोकेनोचे रहिवासी, ती क्षेत्रफळाने नॉर्वेतील सर्वांत मोठी पालिका होय. तिचा विस्तार ९,७०० चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यापेक्षाही मोठा. आणि वस्ती मात्र तीन हजारांच्या आतबाहेर. 'पालिका' हा शब्द येथे केवळ सोयीसाठी वापरला आहे. नॉर्वेतील 'कोमुने' ही आपली ग्रामपंचायत नव्हे आणि नगरपालिकाही नव्हे. १८३७ च्या कायद्याने जन्माला आलेल्या या संस्थेकडे प्राथमिक शिक्षण, आरोग्य, वृद्धांची देखभाल, जमिनीच्या वापराचे नियोजन अशी भरभक्कम कामे आज आहेत, आणि तीन हजार वस्तीच्या पालिकेलाही ती तीन लाखांच्या पालिकेइतकीच पार पाडावी लागतात. कौटोकेनोला हा दर्जा मिळाला १८५१ साली. योगायोग असा की, पुढच्याच वर्षी तेथे बंड झाले.

त्या बंडाची कारणे समजून घ्यावयाची तर हा मुलूख समजून घ्यावा लागतो. हे पठार समुद्रापासून आत, उत्तर ध्रुववृत्ताच्या बरेच पलीकडे आहे. हिवाळ्यात पारा उणे ४० अंशांच्या आसपास उतरतो. रेनडियरांचे कळप हिवाळाभर या पठारावर बर्फाखालची दगडफुले उकरून खातात आणि वसंत ऋतूत किनाऱ्याकडे निघतात. कळपामागून माणसे जातात. गावाचे सामी नाव ग्वोव्दागेआइद्नु. त्याचा अर्थ साधारणपणे 'वाटेच्या मध्यावर' असा लावला जातो, आणि फिरस्त्यांच्या गावाला याहून समर्पक नाव सापडणे कठीण. 'कौटोकेनो' हे त्याच नावाचे फिन्नी भाषेच्या मार्गाने नॉर्वेजियन भाषेत आलेले रूप आहे.

अशा लोकांच्या वाटांवर राज्यांनी सीमारेषा ओढल्या. १७५१ च्या तहाने डेन्मार्क-नॉर्वे आणि स्वीडन यांची हद्द निश्चित झाली व पूर्वी स्वीडनच्या अमलाखाली असलेले कौटोकेनो नॉर्वेकडे गेले. त्या तहाला एक पुरवणी जोडलेली होती. कळपांसह सीमा ओलांडण्याचा सामींचा परंपरागत हक्क तीत मान्य केलेला होता. अठराव्या शतकातील राजांनी दाखविलेले हे शहाणपण एकोणिसाव्या शतकातील नोकरशाहीला मात्र टिकविता आले नाही. १८५२ च्या सप्टेंबरात नॉर्वे आणि रशियाच्या ताब्यातील फिनलंड यांच्यामधील सीमा कळपांना बंद झाली. तिच्या पलीकडील कुरणे एकाएकी परकी झाली.

याच सुमारास कारेसुआन्दो येथील स्वीडिश धर्मोपदेशक लार्स लेवी लेस्तादियुस यांच्या पुनरुज्जीवनाच्या चळवळीने सामी समाज ढवळून निघाला होता. दारू हा तिचा पहिला शत्रू. आणि कौटोकेनोत दारू विकणारा होता तो व्यापारी, ज्याच्या वहीत अनेकांची कर्जे मांडलेली होती. ८ नोव्हेंबर १८५२ रोजी काही सामी स्त्री-पुरुष गावात शिरले. व्यापारी आणि सरकारी अंमलदार ठार झाले, व्यापाऱ्याच्या घराला आग लागली, पाद्र्याला फटके बसले. दोन खून झाले, ही गोष्ट सौम्य शब्दांत झाकण्याचे कारण नाही. हेही विसरता कामा नये की, बंडखोरांना आवरले ते शेजारच्या वस्तीतून धावून आलेल्या सामींनीच. परंतु पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे या घटनेची जी संभावना झाली ती 'धर्मवेड' या एका शब्दात. सीमाबंदी, कर्ज आणि दारू यांची नोंद त्या शब्दात होत नाही. ते शब्द राज्याला सोयीचे होते, इतकेच म्हणता येईल.

या प्रकरणातील एक धागा मला सर्वांत विलक्षण वाटतो. अस्लाकचा धाकटा भाऊ लार्स अठरा वर्षांचा होता. वयाकडे पाहून त्याची फाशी माफ झाली आणि तो तुरुंगात गेला. तेथे त्याने बायबलच्या सामी भाषांतराचे काम हाती घेतले. १८६७ साली तो सुटला. ज्या भाषेला राज्य गणतीत धरीत नव्हते, तिच्या लिखित वाङ्मयाचा पाया घालणाऱ्यांत राज्याचाच एक कैदी होता!

यानंतरचा काळ 'नॉर्वेजियनीकरणा'चा. शाळांतून सामी भाषा हद्दपार झाली. १९०२ च्या नियमांनुसार फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घ्यावयाची तर नॉर्वेजियन बोलता, वाचता, लिहिता येणे आवश्यक ठरले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ साली, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने हा प्रांत जाळला. त्यात गावचे जुने चर्चही गेले. शाळेत सामी भाषेतून शिकविण्याला कायद्याने पुन्हा वाट मिळाली ती १९५९ मध्ये. शिक्षकांना हे सांगण्याची गरज नाही की, अशा दोन-तीन पिढ्यांच्या खंडानंतर भाषा घरात टिकली तरी तिची लाज वाटणे सहजासहजी जात नाही. कौटोकेनोत ती घरातही टिकली आणि बाजारातही. येथे सामी बोलणारेच बहुसंख्य राहिले, हे त्याचे कारण.

१९६८ साली आल्टा नदीवर धरण बांधण्याची योजना पुढे आली. मूळ आराखड्यात कौटोकेनोच्या हद्दीतील मासी हे संपूर्ण गाव पाण्याखाली जाणार होते. विरोधामुळे १९७३ मध्ये मासी वाचले. लहान केलेल्या योजनेला संसदेने १९७८ च्या नोव्हेंबरात मंजुरी दिली. १९७९ च्या ऑक्टोबरात तरुण सामींनी ओस्लोमध्ये संसदेसमोर तंबू ठोकून उपोषण केले. १९८१ च्या जानेवारीत स्तिल्ला येथे रस्ता अडवून बसलेल्या निदर्शकांना हटविण्यासाठी सुमारे सहाशे पोलीस आणावे लागले. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या बाजूने कौल दिला आणि धरण झाले.

लढाई हरली, हे खरे. पण त्या हरलेल्या लढाईने जे मिळविले ते थोडे नव्हते. १९८७ चा सामी कायदा, १९८८ ची घटनादुरुस्ती, १९८९ साली शेजारच्या कारासयोक येथे उघडलेली सामी संसद हे सारे त्या आंदोलनाचे फलित होय. आदिवासी जनतेविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार जगात प्रथम नॉर्वेने १९९० मध्ये मान्य केला. (भारताने १९५८ मध्ये आधीचा १०७ क्रमांकाचा करार स्वीकारला, १६९ आजही स्वीकारलेला नाही.) १९८७ मध्येच कौटोकेनोचे सामी नाव अधिकृत झाले. असे नाव मिळविणारी नॉर्वेतील ही पहिली पालिका. १९७३ पासून येथे सामी संशोधन संस्था होती, १९८१ मध्ये सामी नाट्यसंस्था निघाली, १९८९ मध्ये सामी महाविद्यालय आले. तीन हजार वस्तीच्या गावाकडे एका भाषेची राजधानी होण्याचे काम असे चालत आले. जेथे त्या बंडखोरांना केवळ माथेफिरू म्हटले जात होते, तेथील नील्स गाउप या दिग्दर्शकाने २००८ साली त्याच बंडावर चित्रपट काढला.

तथापि नाव, भाषा आणि नाटक देणे राज्याला सोपे असते. जमीन देणे कठीण जाते. २००५ च्या फिनमार्क कायद्याने सुमारे ४६,००० चौरस किलोमीटर जमीन राज्याकडून एका स्वतंत्र प्रांतिक संस्थेकडे गेली. त्यांपैकी कारासयोकमधील जमीन आपल्या गावाची सामूहिक मालमत्ता आहे, असा दावा तेथील रहिवाशांनी केला. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संसदेने नॉर्वेजियनीकरणाबद्दल सामींची जाहीर माफी मागितली. दोन्ही निर्णय एकाच शहरात झाले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दरम्यान रेनडियरांची संख्या घटविण्याच्या सरकारी आदेशाविरुद्ध एका तरुण पशुपालकाने खटला चालविला आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हरला. त्याची बहीण, चित्रकार मारेत आन्ने सारा हिने त्याच वर्षी संसदेसमोर बंदुकीच्या गोळीचे छिद्र असलेल्या चारशे रेनडियर-कवट्यांचा पडदा उभारला. कवट्या पुन्हा राजधानीत आल्या. या वेळी त्या आणल्या होत्या सामींनी.

खुद्द कौटोकेनोच्या हद्दीत बिएज्योवाग्गी येथे तांबे आणि सोने आहे. १९७० च्या दशकात आणि पुन्हा १९८५ नंतर काही वर्षे तेथे खाण चालली. ती नव्याने उघडण्याचा प्रस्ताव घेऊन एक कंपनी आली तेव्हा नोकऱ्यांची गरज असलेल्या या गावाच्या प्रतिनिधींनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये तिला नकार दिला. गाव त्यावर एकमताचे नव्हते. ज्यांच्या घरी कळप नाहीत त्यांनाही पोट आहे, आणि त्यांची मुलेही कामासाठी आल्टाकडे जातात. पण खाणीला जागा द्यावयाची की नाही, हे ठरविणाऱ्या बैठकीतील बहुतेक माणसांची मातृभाषा या वेळी सामी होती.