एका शाहिराचे अनेक आवाज

दादर पूर्वेला स्टेशनाच्या गर्दीतून बाहेर पडलं की नायगावची वस्ती लागते. एके काळी इथे गिरण्यांचे भोंगे, बीडीडी चाळी आणि जवळच हिंदू कॉलनीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं घर, राजगृह. शाहीर विठ्ठल उमप यांचा जन्म याच नायगावात, 15 जुलै 1931चा. मिसिसिपीत कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांनी ब्लूज घडवलं, तसं इथे कापडगिरण्यांच्या आसऱ्याला आलेल्या माणसांनी आपलं गाणं उभं केलं. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात आंबेडकरी विचार भरला होता. उमप वाढले ते या हवेत.

पुढची साठेक वर्षं हा माणूस एका साच्यात कधी बसलाच नाही. भीमगीतांना खडा, पल्लेदार आवाज, कव्वालीत फिरत, कोळीगीतात तर असा ठसका की ऐकणाऱ्याला ते वेसाव्याचे वाटावेत. पोवाडा, भारूड, गौळण, सगळं गळ्यात. आकाशवाणीने आणि रेकॉर्डींनी हा आवाज घरोघरी नेला. 2008च्या ‘टिंग्या’ या चित्रपटात तर प्रेक्षकांना त्यांच्यातला नटही दिसला.

पण उमप खरे कोण होते, ते कळायचं ‘जांभूळ आख्याना’त. बाज गोंधळाचा, म्हणजे देवीसाठी रात्र जागवून घालतात त्या विधिनाट्याचा. मूळ कथा लोकमहाभारतातली: पाच पती असलेल्या द्रौपदीच्या मनात कर्ण भरतो, कृष्ण ते ओळखतो आणि जांभळाचं निमित्त करून तिच्याकडून कबूल करवून घेतो. उमप एकटेच सगळी पात्रं व्हायचे. सत्तरीकडे झुकलेला, रापलेल्या चेहऱ्याचा हा पुरुष द्रौपदी व्हायला लागला की साडीचोळीची गरज उरत नसे. मान किंचित कलायची, आवाज खाली यायचा, एक मुरका. आणि पुढच्याच ओळीला तोच माणूस कृष्ण होऊन तिची फिरकी घ्यायचा.

आंबेडकरांच्या मागे बौद्ध धम्मात जाऊन ज्यांनी देव्हारे सोडले, त्यांच्या शाहिराने गोंधळ का घालावा, असा प्रश्न इथे पडू शकतो. मला वाटतं, उत्तर त्या प्रयोगातच होतं. संबळ वाजवणारे, झील धरणारे, रात्र जागवणारे हात पिढ्यान्‌पिढ्या तळच्या जातींचे. श्रद्धा नाकारली म्हणून आपल्याच माणसांनी घडवलेली कला का टाकायची? उमपांनी ती हक्काने घेतली आणि पोथीत जिला मनातलं बोलायची सोय नव्हती, त्या बाईला बोलतं केलं. भीमगीतातला माणूसपणाचा आग्रह इथे वेगळ्या वेषात आला होता, एवढंच.

26 नोव्हेंबर 2010 रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात ते व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. वय 79. मुलगा नंदेश शाहिरीच्या वाटेवर आहे. मात्र भीमगीतवाले उमप आणि आख्यानवाले उमप असे दोन खण करून त्यांना आठवण्याची सवय अजून गेलेली नाही. एका खणातले उमप दुसऱ्याशिवाय अर्धेच राहतात.