तिथी विचारता विचारता…

संकष्टी कधी, हे बघायला आपण भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळतो, नाही का? पूर्वी पंचांग हातानं लिहिलेलं, तेही भटजींकडे. बायकांनी तिथी त्यांनाच विचारायची! पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींनी पहिलं मराठी पंचांग छापलं. शाईत चरबी असते म्हणे, म्हणून सोवळी मंडळी छापील कागदाला शिवतही नसत. तरी हळूहळू पंचांग घरोघरी शिरलं.

पण नुसतं घरात येऊन काय उपयोग? वाचता यायला हवं ना! १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. आणि १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ छापून आलं. सगळे दोष बायकांच्याच माथी का, असा रोखठोक सवाल एका बाईनं छापील अक्षरांत समाजाला केला होता!