टर्बो बदलण्याआधी

चाकणच्या कारखान्यातलं फोक्सवॅगन पोलोचं उत्पादन २०२२ मध्ये थांबलं. पण तिची टीएसआय मॉडेल्स पुण्या-मुंबईत आजही मोठ्या हौसेनं बाळगली जातात. २०१३ मध्ये आलेली १.२ लिटरची जीटी टीएसआय १०५ पीएसची होती, २०२० ची १.० लिटरची ११० पीएसची. टॉर्क दोघींचा सारखाच, १७५ न्यूटन-मीटर. एवढ्यावर समाधान न झालेले बरेच मालक ईसीयू रीमॅप करून घेतात, सोबत मोठा एअर फिल्टर आणि डाउनपाइप बसवतात. काही महिने मजेत जातात आणि मग एक ठरावीक तक्रार सुरू होते : तिसऱ्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की साडेतीन-चार हजार आरपीएमला गाडी क्षणभर अडखळते, झटका मारते आणि पुन्हा ओढायला लागते. दुहेरी वाहतुकीच्या रस्त्यावर ट्रकला ओव्हरटेक करताना हाच क्षण जिवावर बेतू शकतो. म्हणून इथे ऐकीव माहितीवर विसंबणं मला मान्य नाही.

ऐकीव माहितीत पहिला नंबर ‘टर्बोच गेला असणार’ या वाक्याचा लागतो. टर्बो खरोखर खराब झाला असेल तर त्याची लक्षणं वेगळी असतात : शिट्टीसारखा किंवा घासल्यासारखा आवाज, सायलेन्सरमधून निळा धूर, ऑइल कमी होणं, सगळ्याच आरपीएमला मरगळलेला पिकअप. ठरावीक ठिकाणी बसणारा आणि लगेच सुटणारा झटका टर्बोमुळे क्वचितच असतो. टर्बो बदलण्याचा खर्च मोठा आहे. तो सुचवणाऱ्याकडे आधी बूस्टचे आकडे मागा.

‘टर्बो गाडी आहे, एवढा लॅग असायचाच’ हे दुसरं वाक्य. लॅगमध्ये पाय दाबल्यावर ताकद उशिरा येते, पण येताना ती सलग येते. अडखळण्यात आलेली ताकद मध्येच तुटते. लॅग हा टर्बोचा स्वभाव आहे, तुटणं हा बिघाड आहे. त्याला ‘स्वभाव’ म्हणून सोडून दिलं तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळू शकतो.

मग बघायचं कुठे? सगळ्यात आधी स्पार्क प्लग. ‘प्लग आत्ताच सर्व्हिसिंगला बदललेत, ते चांगलेच आहेत’ हे उत्तर नेहमी मिळतं, आणि नेमकी इथेच गफलत होते. प्लगच्या दोन टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडवायला किती व्होल्टेज लागेल, हे सिलिंडरमधल्या दाबावर अवलंबून असतं. रीमॅपनंतर बूस्ट वाढतो, म्हणजे ठिणगीच्या क्षणी सिलिंडरमध्ये जास्त दाबलेली हवा असते आणि तीच फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. कॉइलची ताकद मात्र तेवढीच राहते. ०.८ मिलिमीटरची फट कंपनीच्या बूस्टला बिनतक्रार चालते आणि वाढलेल्या बूस्टला पूर्ण लोडवर ठिणगी चुकते. म्हणूनच झटका तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबल्यावर येतो आणि सिटीत हळू चालवताना गाडी लोण्यासारखी चालते. फट ०.६ ते ०.७ वर आणणं हा पहिला आणि सर्वांत स्वस्त प्रयोग. प्लग काढल्यावर त्याच्या पांढऱ्या चिनी मातीवर पेन्सिलनं ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी फट सोडून बाहेरूनच पळते आहे. अशा वेळी प्लगसोबत कॉइलचं रबरी बूटही बदलायचं, नाहीतर नव्या प्लगवर तीच रेघ पुन्हा उमटते.

कॉइलचा संशय असेल तर सगळ्या कॉइल विकत घेऊ नका. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर ज्या सिलिंडरचा मिसफायर स्कॅनर दाखवतो, त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाका. पी०३०२ चा कोड पी०३०३ झाला तर गुन्हेगार सापडला. जागचा हलला नाही तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनकडे वळा.

प्लगनंतर हवेची गळती. इथला गैरसमज जुन्या गाड्यांवरून आला आहे : ‘एमएएफ सेन्सर स्प्रे मारून साफ करा, झटका जाईल.’ पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हिया आरएसमधल्या १.८ टर्बोमध्ये आत येणारी हवा मोजणारा हा सेन्सर होता. त्याच्यापुढे पाइप फाटला तर मोजलेली हवा बाहेर जायची, ईसीयू मात्र तेवढ्या हवेचं पेट्रोल टाकायचा आणि गाडी काळा धूर सोडत अडखळायची. हवा बाहेर फेकणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह लावल्यावर गिअर बदलताना यायचा तो झटकाही याच कारणाने. पोलोच्या टीएसआयमध्ये एमएएफ सेन्सरच नाही. तिचा ईसीयू मॅनिफोल्डमधला दाब आणि तापमान यांवरून हवेचा हिशेब करतो. त्यामुळे क्लॅम्प ढिला झाला तर मिश्रण बिघडण्याआधी बूस्ट कमी पडतो, टर्बो जास्त फिरतो आणि पी०२९९ हा कमी बूस्टचा कोड येतो. नवा पाइप बसवलेल्या गाडीत सगळे क्लॅम्प हातानं हलवून बघा, मग स्मोक टेस्ट करून घ्या. इंजिन नुसतं सुरू ठेवून कान लावण्यात अर्थ नाही, कारण बऱ्याच गळत्या दाब चढल्यावरच तोंड उघडतात.

पेट्रोलबद्दल दोन समजुती आहेत आणि दोन्ही अर्धवट आहेत. ‘१०० ऑक्टेन टाका, सगळं ठीक होईल’ ही पहिली. ऑक्टेन म्हणजे नॉकिंगला विरोध. त्याने इंधनातली ऊर्जा वाढत नाही. नॉक सेन्सरला नॉकिंग जाणवलं की ईसीयू टायमिंग मागे घेतो आणि गाडी बोथट होते. मे महिन्यातल्या ट्रॅफिकमधून निघाल्यावर हे हमखास होतं. त्यावर चांगलं ऑक्टेन उपयोगी पडतं, ठिणगी चुकत असेल तर अजिबात नाही. दुसरी समजूत म्हणजे सगळं खापर ई२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर फोडणं. इथेनॉलच्या एका भागाला जळायला साधारण नऊ भाग हवा लागते, शुद्ध पेट्रोलला १४.७. म्हणून ई२० वर तेवढ्याच हवेला जास्त इंधन द्यावं लागतं. कंपनीच्या सेटिंगवर पंपाकडे बहुधा तेवढी सवड असते. रीमॅपनं ती आधीच वापरलेली असेल, तर पूर्ण लोडवर इंधनाच्या रेलमधला दाब मागणीपेक्षा खाली घसरतो. स्कॅनरच्या लॉगमध्ये ही घसरण दिसली तरच ई२० ला दोष द्या, आणि ट्यूनरला रीमॅपची फाइल आजच्या पेट्रोलप्रमाणे सुधारायला सांगा.

टाकीत टाकायच्या क्लीनरच्या बाटलीबद्दल थोडक्यात : या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, इनटेक व्हॉल्व्हला ते शिवतच नाही. व्हॉल्व्हवर साचलेला कार्बन त्या बाटलीनं जात नाही, तो उघडूनच साफ करावा लागतो.

‘चेक इंजिनचा दिवा लागला नाही, म्हणजे दोष नाही’ हा समज सर्वांत घातक. ठरावीक मर्यादेपर्यंतचे मिसफायर ईसीयू नुसते मोजत राहतो, दिवा लावत नाही. म्हणून लॉग हवाच. डायनोवर किंवा मोकळ्या, सुरक्षित जागी तिसऱ्या गिअरमध्ये दोन हजारांपासून वरपर्यंत पाय पूर्ण दाबून मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, रेलचा दाब, सिलिंडरनिहाय टायमिंग, मिसफायर आणि थ्रॉटलचा कोन नोंदवा. शेवटचा आकडा बहुतेक जण घेत नाहीत. बूस्ट मागणीपेक्षा वर उसळला की काही फाइल्समध्ये ईसीयू स्वतःच थ्रॉटल मिटवतो. चालवणाऱ्याला तो झटकाच वाटतो, पण सगळे पार्ट धडधाकट असतात. तिथे सुधारायची ती फाइल. १.२ लिटरच्या जीटी टीएसआयमध्ये आणखी एक फसवणूक होते : तिच्या ड्राय क्लच डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे, आणि घासलेला क्लच पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथरला तरी नाव इंजिनाचं घेतलं जातं.

कंपनीची मूळ फाइल परत टाकून बघणं ही चांगली चाचणी आहे, फक्त निष्कर्ष जपून काढा. मूळ फाइलवरही झटका कायम राहिला तर दोष पार्टमध्येच आहे, हे नक्की. पण झटका गेला म्हणून रीमॅप वाईट ठरत नाही. कमी बूस्टवर थकलेला प्लगही निभावून नेतो. म्हणून आधी प्लग आणि क्लॅम्प, मग फाइलची अदलाबदल, हा क्रम उलटा करू नका.