रब्बीची तयारी (भाग ४) : सांडलेल्या सोयाबीनचं काय करायचं?

मागच्या आठवड्यात हरभऱ्याच्या वाणांबद्दल बोललो. पण तिफण रानात घालण्याआधी रानात काय पडलंय तेही बघावं लागतं. लातूर-नांदेडकडं हरभरा बहुतेक सोयाबीनच्याच रानात पडतो, आणि सोयाबीन काही सगळं घरी येत नाही. काढणी लांबली, भर दुपारच्या उन्हात विळा लावला, की शेंगा तडकतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एमएयूएस-१५८ पिकल्यावरही दहा-बारा दिवस धीर धरतं. सगळे वाण तेवढे दमाचे नसतात. हार्वेस्टर लावला तर जमिनीलगतच्या शेंगा बुडख्यालाच राहतात.

किती सांडलं हे नुसत्या नजरेला कळत नाही. चार काठ्यांची मीटरभर लांब-रुंद चौकट बांधा, रानात पाच-सहा ठिकाणी टाका आणि आतले दाणे मोजा. सरासरी १० निघाले तर एकरी ४० हजार, म्हणजे पाचेक किलो सोयाबीन. ४० निघाले तर जूनमध्ये आपण जेवढी रोपं धरतो, जवळपास तेवढी पेरणी फुकटात झाली म्हणायची! हरभरा ३० बाय १० सेंटिमीटरवर घेतला तर चौरस मीटरला ३३ झाडं बसतात. त्यात सोयाबीनची दहा घुसली, तर ती कुणाची ओल पितात ते सांगायला नको.

तणनाशकावर भिस्त ठेवू नका. हरभऱ्यात पेरणीनंतर लगेच मारतात ते पेंडीमिथॅलीन सोयाबीनलाही चालतं. मग ते सोयाबीनला रोखणार कसं? दोन्ही रुंद पानांची, शेंगवर्गीय. उगवल्यावर एकाला मारून दुसऱ्याला सोडणारी फवारणी शोधत बसण्यात अर्थ नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची. सोयाबीनचा दाणा तणाच्या बियांसारखा वर्षानुवर्षं मातीत दबा धरून बसत नाही. ओल मिळाली की आठवड्याभरात सगळा एकदम वर येतो, नाहीतर कुजतो. म्हणून काढणीनंतर पाऊस झालाच तर वाफसा येताच वखराची हलकी पाळी द्या, दाणे उगवू द्या, आणि दोन पानांवर असताना दुसरी पाळी मारून मगच पेरा. नांगर नको; ओलही उडते आणि ढेकळंही निघतात.

पण ऑक्टोबर कोरडा गेला तर? मग थांबू नका. कोरडवाहू रानात उगवणीची वाट पाहणं म्हणजे हरभऱ्याची ओल उन्हाला वाटणं. खालच्या ओलीत बी टाका. वरच्या कोरड्या थरातलं सोयाबीन तसंच पडून राहील. पुढं तुषारनं एखादं पाणी दिलंच तर ते डोकं काढेल, तेव्हा विसाव्या-पंचविसाव्या दिवशी एक खुरपणी करायची. मजुरी लागते, पण रान वाचतं.

बनीम लावली होती आणि मळणी झाली ती जागा वेगळी धरा. तिथं दाणे मुठीमुठीनं पडलेले असतात, वर भुसकटाचा थर. अर्धवट कुजलेल्या काडीकचऱ्यात ओल राहिली की हरभऱ्याला मानकूज लागते, म्हणून ते भुसकट उचलून उकिरड्यात न्या आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा चोळा. बायका सरवा वेचायला येतात, त्यांना आधी याच जागेवर पाठवा. मेंढ्या बसवणार असाल तर कळप या ढिगावर उपाशीपोटी सोडू नका. कच्चं सोयाबीन जास्त खाल्लं की पोट फुगतं.

राहिली हरणं आणि डुकरं. अमेरिकेत हौशी शिकारी हरणांसाठी म्हणून शरद ऋतूत मुद्दाम रानं पेरतात. आपल्याकडं कुणाला आवतण द्यावं लागत नाही. सांडलेल्या दाण्यावर डुकरं रान उकरतात आणि चटक लागली की पुन्हा येतात. हरभऱ्याच्या कडेनं करडईच्या दोन-चार ओळी टाकण्याची जुनी रीत मोडीत काढू नये. काटे भरल्यावर गुरं आणि हरणं बिचकतात. डुकराला मात्र ती पुरत नाही.

जूनमध्ये पेरून उरलेली, औषध चोळलेल्या बियाण्याची पिशवी घरात असेल तर तिच्याबद्दल पुढच्या आठवड्यात. तोवर ती कोंबड्यांपुढं किंवा बांधावर मोरांसाठी रिकामी करू नका.