साकळलेल्या रक्ताची कैफियत

मुका मार लागला की हळदीचा गरम लेप द्यावा, ही रीत साऱ्या महाराष्ट्राची. पण वसमतपासून सेनगावपर्यंत जिथे हळदीची शेते पसरली आहेत आणि मोंढ्यात हळदीच्या पोत्यांच्या थप्प्या लागतात, त्या हिंगोली जिल्ह्यात तिच्यासाठी दुकानाची पायरी चढावी लागत नाही. लेपाखालचा डाग प्रथम काळानिळा, काही दिवसांनी हिरवट आणि मग पिवळा होत होत विरून जातो (हळदीच्या पिवळ्यात डागाचा पिवळा लपतो, ही गोष्ट निराळी). या रंगपालटामागचा कारागीर १९६८ साली टेनहुनेन, मार्व्हर व श्मिड या संशोधकांनी उजेडात आणला. हीम ऑक्सिजनेज असे त्या विकराचे, म्हणजे एन्झाइमाचे, नाव. रक्तातील तांबड्या द्रव्याचे, म्हणजे हीमचे, ते तीन वाटे करते: एक हिरवे बिलिव्हर्डिन, ज्याचे पुढे दुसरे एक विकर पिवळे बिलिरुबिन बनविते, दुसरा कार्बन मोनॉक्साइड वायू, आणि तिसरा सुटे लोह. कातडीखाली हा कारभार बिनबोभाट उरकतो. मेंदूत रक्तस्राव झाला असता तोच कारभार जिवावर कसा बेततो, हे उमगण्यास मात्र वैद्यकाला फार काळ लागला.

झटक्याने पडलेल्या माणसाच्या मेंदूत रक्त साकळलेले असू शकते, हे योहान याकोब वेप्फर याने १६५८ सालीच शवविच्छेदनाने दाखविले होते. पुढे १८६८ साली पॅरिसच्या शार्को व बूशार यांनी मेंदूतील बारीक धमन्यांच्या फुगवट्यांकडे बोट दाखविले. रक्त कोठून येते याची चौकशी अशी बरीच झाली; आलेले रक्त करते काय, याची फारशी कोणी केली नाही, कारण उत्तर ठाऊकच आहे असा सर्वांचा समज होता. कवटी बंदिस्त, रक्ताची गाठ आतून दाब देणार, दाबाखाली पेशी चेंगरणार. १९७१ साली सीटी स्कॅनने जिवंत माणसाच्या मेंदूतील गाठ प्रत्यक्ष दिसू लागली तेव्हा हा समज अधिकच दृढ झाला, आणि ती उपसून काढली की रोगी सुधारेल ही आशाही. पण २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टिच’ या चाचणीत, एक हजारांवर रुग्णांची पाहणी करूनही, लवकर केलेल्या शस्त्रक्रियेचा एकंदरीत लाभ आढळला नाही. दाब हाच एकटा अपराधी असता, तर असे झाले नसते.

दुसऱ्या अपराध्याचा माग तोवर मिशिगन विद्यापीठात लागला होता, आणि मला या साऱ्या इतिहासात तेथील उंदरांवरचे प्रयोगच सर्वांत मार्मिक वाटतात. १९९० नंतरच्या दशकात त्या संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत रक्ताचे निरनिराळे घटक सुटे सुटे सोडून पाहिले. अखंड तांबड्या पेशी सोडल्या तर पहिल्या दिवशी सूज जवळपास नाही, ती येते तिसऱ्या दिवसाच्या सुमारास. त्याच पेशी आधी फोडून सोडल्या तर चोवीस तासांच्या आत मेंदू सुजतो. आणि थ्रॉम्बिन, म्हणजे रक्त गोठवून वाहता स्राव थांबविणारे विकर, त्याला रोखणारे द्रव्य रक्तात मिसळले तर सूज कमी येते. “पहिल्या दिवशी बोलत होते, तिसऱ्या दिवशी खालावले,” हे जे नातेवाईक सांगतात, त्याचा खुलासा या क्रमात सापडतो: आधी थ्रॉम्बिन, मग फुटलेल्या पेशींतून सुटलेले हीम व लोह. पण हेच थ्रॉम्बिन अत्यल्प मात्रेत आधी दिले तर मेंदूचे रक्षण करते, हेही त्याच प्रयोगशाळेने दाखविले.

तिसऱ्या विकराचा शोध बेडकाच्या पिलाच्या शेपटीत लागला. ती शेपटी झडते कशी, या कुतूहलापोटी ग्रोस व लापिएर यांनी १९६२ साली कोलॅजन विरघळविणारे विकर वेगळे केले. १९९० साली रोझेनबर्ग यांनी तसलेच विकर टोचून उंदरांच्या मेंदूत रक्तस्राव घडवून दाखविला, आणि जखमी मेंदू स्वतःही त्याच कुळातील विकरे सोडून आपल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरतो, हे पुढे स्पष्ट झाले. आपल्याकडे शेतात घोणस किंवा फुरसे चावल्यावर होते ते याहून फार निराळे नाही: त्यांच्या विषातली विकरे रक्त गोठविण्याची सामग्री खर्ची घालतात, वाहिन्यांची भिंत सैल करतात, आणि क्वचित मेंदूतही रक्त उतरते.

लोहाची कथा २०१६ साली वळली. सुटे लोह पेशी जाळते, म्हणून लोह धरून ठेवणारी औषधे गुण देतात, असा हिशेब होता. न्यूयॉर्कजवळील बर्क संस्थेतील राजीव रतन व त्यांचे सहकारी यांनी मात्र असे मांडले की ती औषधे मुख्यतः लोहावर चालणाऱ्या प्रोलिल हायड्रॉक्सिलेज या विकरांना आवरतात. पेशीला प्राणवायूची जाणीव देणारी ही विकरे अडॅप्टाक्विन या द्रव्याने दाबली असता, मेंदूतले लोह कमी न होताही उंदरांच्या पेशी वाचल्या.

माणसांपर्यंत येताना मात्र हे शोध एकामागून एक अडखळले. रक्त गोठविणारे सातवे घटक-विकर औषध म्हणून दिले तेव्हा गाठीची वाढ रोखली गेली, पण २००८ च्या चाचणीत रोग्यांचे मृत्यू वा अपंगत्व घटले नाही. लोह धरणाऱ्या डेफेरॉक्सामिनने २०१९ साली निराशा केली. माझ्या मते यात नवल नाही: जे विकर पहिल्या तासात रक्त थांबविते तेच दुसऱ्या दिवशी सूज आणते, आणि भिंत पोखरणारे पुढे डागडुजीलाही लागते, तेव्हा त्याला कोणत्या घटकेस आवरावे, हाच खरा पेच आहे, आणि तो अद्याप सुटलेला नाही. अडॅप्टाक्विन दवाखान्यात पोहोचलेले नाही.

यश आले ते भलत्याच वाटेने. २०२३ साली भारतासह दहा देशांतील सात हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या ‘इंटरॅक्ट-३’ चाचणीत रक्तदाब उपचार सुरू होताच तासाभरात १४० च्या खाली आणणे, साखर व ताप आवरणे आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा असर उतरविणे, एवढे सारे एकदम केले, तेव्हा सहा महिन्यांनंतरचे अपंगत्व कमी झाले. त्यातले एकही औषध विकररोधक म्हणून दिलेले नव्हते. पण तो तास सुरू होतो उपचार मिळेल तेथे पोहोचल्यावर. नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हिंगोलीहून ८०-९० किलोमीटरांवर आहे, आणि २०२४ पासून हिंगोलीचेही स्वतःचे महाविद्यालय सुरू झाले आहे. औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या रोग्याच्या बाबतीत तो तास कोठे मोजावयास लागतो, हे आता त्याच्या वाटेवर ठरते.